टेबलावरचं पिस्तूल

गेल्या २ ऑक्टोबरला आमच्या गावची ग्रामसभा होती. नळयोजनेचं बिल निघालं होतं, टाकी रंगवून झाली होती, टाकीवर नावं लिहून झाली होती आणि नळाला पाणी नव्हतं. माझी चुलती उभी राहिली. वय बासष्ट, शिक्षण चौथी. हातात भिंतीवरच्या कालनिर्णयची फाडलेली चार पानं. ज्या दिवशी टँकर आला त्या तारखेला तिने पेन्सिलीने गोल केलेला. पहिलं पान वर धरून ती म्हणाली, "मे महिन्यात सहा गोल हायेत. बिलात किती खेपा लिवल्यात, तेवढं वाचून दावा."

ग्रामसेवकाने रजिस्टर उघडलं. तेवढ्यात टेबलाशेजारी बसलेला ठेकेदाराचा भागीदार जरासा उठला, शर्ट वर केला, कमरेचं पिस्तूल काढलं आणि टेबलावर ठेवलं. "टोचतंय हो," एवढंच बोलला. ग्रामसेवकाने रजिस्टर चार बोटं बाजूला सरकवलं. पिस्तुलाला जागा व्हावी म्हणून.

"बोला की काकू, थांबलात का?"

काकूने पानांची घडी केली, पदराखाली धरली आणि ती खाली बसली. पुढचे विषय एकमताने मंजूर झाले.

मी मागच्या रांगेत होतो. मीही बोललो नाही. तीस वर्षं लिहितोय, शहरात व्यासपीठावरून बोलतो, आणि त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, कारण त्या नळीचं तोंड भिंतीकडे आहे की आमच्याकडे, हेच मी बघत राहिलो. तिथल्या साठसत्तर माणसांनी तेच केलं. एका माणसाने एक वस्तू बाहेर काढली आणि गावाची सभा संपली. बार उडाला नाही, शिवी दिली गेली नाही, कुणाला ओरखडासुद्धा आला नाही.

दुसऱ्या दिवशी ठाण्यात गेलो. अंमलदाराने शांतपणे ऐकून घेतलं. "लायसनचं आहे ते. त्याने उगारलं का? झाडलं का? धमकी दिली का?" तिन्ही प्रश्नांचं उत्तर नाही असंच होतं. "मग?"

या 'मग?'चं उत्तर कायद्यात छापलेलं आहे, आणि ते ठाण्यातल्या माणसाला ठाऊक नसावं याचा मला संताप आहे. शस्त्र नियम, २०१६. त्यातला नियम ३२. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचं असेल तर ते अंगावर बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि नेणाऱ्याचा त्याच्यावर नीट ताबा हवा. सार्वजनिक ठिकाणी शस्त्र परजायला आणि झाडायला सक्त मनाई आहे. 'पूर्ण झाकलेलं' या दोन शब्दांत सगळं आलं. परवाना बाळगण्याचा असतो, दाखवण्याचा नसतो. ग्रामसभेच्या टेबलावर उघडं ठेवलेलं पिस्तूल, लग्नाच्या मांडवात पांढऱ्या शर्टावर बांधलेलं पिस्तूल, जीपच्या बॉनेटवर बसून रील काढताना मांडीवर घेतलेलं पिस्तूल, ही सगळी या नियमाची उघड पायमल्ली आहे. आपल्याकडे कायदे ढिले आहेत असं कुणी म्हणालं की मला राग येतो. कायदा कडक आहे. तो वापरायचा नाही, हे ठरलेलं आहे.

२०१९च्या दुरुस्तीने तर तो आणखी कडक झाला. पूर्वी एका परवानाधारकाला तीन बंदुका ठेवता यायच्या, त्या दोनवर आल्या. लग्नात, वरातीत, देवळात, सभेत आनंदाने बार उडवण्याला कायद्याने वेगळं नाव दिलं, व्याख्या दिली आणि त्यातून कुणाच्या जिवाला धोका झाला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही ठेवलं. आता प्रत्येकाने आपापल्या तालुक्यात आठवून पाहावं. अशा वराती किती पाहिल्या? त्यातल्या किती नवरदेवांच्या मामांचे, चुलत्यांचे, मित्रांचे परवाने गेले? मी माझ्या मुलखात एकही जाताना पाहिला नाही. पुंगळ्या मात्र सकाळी मांडवात झाडलोट करणाऱ्या बाईच्या केरसुणीला लागतात. दोनदा मी स्वतः त्या हातात घेतल्या आहेत.

हा काही फक्त शिस्तीचा प्रश्न नाही. आपल्या संविधानाने एकत्र जमण्याचा हक्क दिला तो कोणत्या शब्दांत, ते पाहा. अनुच्छेद १९ म्हणतो, शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क. 'विनाशस्त्र' हा शब्द तिथे चुकून पडलेला नाही. इंग्रजांनी १८७८चा शस्त्र कायदा आणला, गोऱ्यांना मोकळीक ठेवली आणि या देशाच्या माणसाला निःशस्त्र केलं, ही जखम स्वातंत्र्यलढ्याला होती. म्हणून १९३१च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही लिहिला. डिसेंबर १९४८मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी त्या ठरावाची आठवण देत तशीच दुरुस्ती मांडली. ती फेटाळली गेली. म्हणजे या देशाने बंदुकीचा हक्क विचारात घेतला, त्यावर चर्चा केली आणि तो नाकारला. एकत्र जमण्याचा हक्क मात्र दिला, आणि तो देताना दारातच हत्यार बाहेर ठेवायला सांगितलं. फेब्रुवारी २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बेकायदा शस्त्रांच्या प्रकरणात हेच पुन्हा सांगितलं. अमेरिकेत शस्त्र बाळगणं हा मूलभूत हक्क असेल, आपल्याकडे कायद्याने परवानगी दिल्याखेरीज कुणालाही तो नाही.

ज्या माणसाने काकूसमोर पिस्तूल ठेवलं त्याच्याजवळ एक सवलत होती. काकूजवळ मूलभूत हक्क होता. आणि रजिस्टर सरकलं ते सवलतीसाठी.

ही सवलत मिळते कशी, तेही बघू. ग्रामीण भागात परवाना जिल्हाधिकारी देतात, आयुक्तालय असलेल्या शहरात पोलीस आयुक्त. १९५९चा शस्त्र अधिनियम सगळ्या देशाला एकच आहे, पण 'सबळ कारण' काय ते ठरवतो खुर्चीवरचा अधिकारी. त्यामुळे एका जिल्ह्यात ज्याला कारण म्हणत नाहीत, ते शेजारच्या जिल्ह्यात पुरेसं ठरतं. डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची निर्घृण हत्या झाली आणि त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या शस्त्र परवान्यांचा आकडा चव्हाट्यावर आला. बाराशेच्या वर. सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी त्याच्याशेजारी परभणीचा आकडा ठेवला, तो होता ३२. दोन्ही जिल्हे मराठवाड्यातच, एकमेकांना खेटून. दुष्काळ तोच, शेती तीच, जाती त्याच, भांडणं तीच. मग परभणीच्या माणसाच्या जिवाला धोका नाही आणि बीडच्या माणसाच्या जिवाला आहे, हे कुणी मोजलं? कोणत्या फुटपट्टीने? सरपंचाच्या मरणानंतर महाराष्ट्र पेटला तेव्हा बीडमध्ये शंभरावर परवाने रद्द झाले. त्या परवान्यांमागची कारणं त्या महिन्यात अचानक नाहीशी झाली नव्हती. ती मुळात नव्हतीच. ज्यांनी सह्या केल्या त्यांना ते त्या दिवशीही दिसत होतं, आणि त्यांतल्या एकाचीही जबाबदारी ठरलेली मी तरी पाहिली नाही.

याच महाराष्ट्रात वाढदिवसाचा केक तलवारीने कापला म्हणून वस्तीतल्या पोरांना उचलतात. शस्त्र कायद्याचं कलम लावतात, खाली माना घातलेल्या त्या पोरांचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात येतो. पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणासुदीला, आंदोलनाच्या दिवसांत शस्त्रबंदीचा आदेश निघतो, त्यात काठ्या आणि दगडसुद्धा येतात. मोर्चाला निघालेल्याच्या हातात दांडकं दिसलं तर काढून घेतात. घेऊ द्या, माझी हरकत नाही. केक कापायला तलवार लागत नाही. पण त्याच गावात, त्याच दिवशी, कमरेला 'घोडा' लावून फिरणारा माणूस व्यासपीठावर पाहुण्यांच्या रांगेत बसलेला असतो आणि बंदोबस्ताला आलेला फौजदार त्याला नमस्कार करतो. गरिबाच्या हातातलं पातं दिसतं, पैसेवाल्याच्या कमरेची नळी दिसत नाही, ही निवड आहे.

परवान्याचं हत्यार निरुपद्रवी असतं, या समजुतीचं उत्तर फेब्रुवारी २०२४च्या एका आठवड्याने दिलं. २ फेब्रुवारीला उल्हासनगरात पोलीस ठाण्याच्या आत, वरिष्ठ निरीक्षकाच्या दालनात, गोळ्या झाडल्या गेल्या. सत्ताधारी पक्षाच्या आमदाराला अटक झाली, आणि गोळ्या लागलेला माणूस त्याच सत्तेतल्या मित्रपक्षाचा पदाधिकारी. सीसीटीव्हीचं ते चित्रीकरण घराघरांत पाहिलं गेलं. सहा दिवसांनी, ८ फेब्रुवारीला, दहिसरमध्ये माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांना फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या घालून मारलं. मारणाऱ्याने नंतर स्वतःला संपवलं. त्याच्या हातातलं पिस्तूल त्याच्या खासगी अंगरक्षकाचं होतं. परवाना उत्तर प्रदेशातला, आणि मुंबई पोलिसांकडे त्याची नोंदच नव्हती असं तपासात पुढे आलं.

या शेवटच्या वाक्याजवळ थोडं थांबायला हवं. परवान्यावर क्षेत्र लिहिलेलं असतं. कुणाला जिल्ह्यापुरता, कुणाला राज्यापुरता, मोजक्यांना देशभर. कागदावर ही सीमा स्पष्ट आहे. प्रत्यक्षात एका राज्यातल्या खेड्यात दिलेला कागद घेऊन माणूस हजार-दीड हजार किलोमीटर येतो, खासगी सुरक्षारक्षकाची नोकरी धरतो, आणि त्याच्या कमरेचा कागद कोणत्या मुलखाचा आहे हे विचारणारा त्याला भेटत नाही. मॉलच्या दारात, एटीएमच्या गाडीमागे, बिल्डरच्या फाटकावर उभ्या असलेल्या किती बंदुकांचे कागद या राज्यात तपासलेले आहेत? इथल्या भाडेकरूची माहिती ठाण्यात दिली नाही तर घरमालकावर गुन्हा नोंदवता, बंदुकीचं गाव विचारायला लाज कसली वाटते?

मध्य प्रदेशच्या सीमेवर उमर्टीत बनणारे गावठी कट्टे चोपड्यामार्गे खाली येतात, हे जळगावात शेंबडं पोरही सांगेल. तो गुन्हेगारीचा मामला आहे, त्यावर पोलीस छापे घालतात. मला आज बोलायचंय ते सरकारी शिक्क्याच्या हत्याराबद्दल.

"बंदूकवाला दिसला की गुन्हेगार घाबरतो," असं छातीठोकपणे सांगणारे आता आपल्याकडेही झाले आहेत. त्यांना अमेरिका आवडते. मी ती पाहून आलोय. माझी भाची डॅलसजवळ राहते. टेक्सासने १ सप्टेंबर २०२१पासून एकवीस वर्षांवरच्या बहुतेक माणसांना परवान्याविना पिस्तूल घेऊन फिरायला मोकळीक दिली. किराणा घ्यायला गेलो तर दुकानाच्या काचेवर इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये हातभर लांब पाटी, वर कलमाचा आकडा, ३०.०७. उघडं पिस्तूल लावून आत येऊ नये, ही सूचना. झाकलेलं आणू नये असं सांगायचं तर आणखी एक वेगळी पाटी, ३०.०६. दुकानदाराने आपल्याच दुकानात बंदूक नको म्हणायची तर अक्षरं केवढी हवीत हेही कायद्याने ठरवून दिलेलं. पेट्रोल पंपावर आमच्या शेजारी एक माणूस गाडीतून उतरला, कमरेला पिस्तूल, हातात कॉफीचा कप. मी बघत राहिलो तशी भाची हळूच म्हणाली, "मामा, त्याच्याकडे बघू नका." पोरगी तिथे अकरा वर्षं राहते, चांगली नोकरी आहे, घर आहे, आणि स्वतःच्या गावात नजर कुठे ठेवायची हे ती त्या माणसाच्या कमरेकडे बघून ठरवते.

तिथे राज्य बदललं की कायदा बदलतो. टेक्सासातून पश्चिमेला न्यू मेक्सिकोत गेलं तर उघडं पिस्तूल चालतं, भरलेलं पिस्तूल झाकून न्यायला परवाना लागतो. आपला नियम नेमका उलटा, झाकलेलंच हवं. इलिनॉयमध्ये उघडं न्यायचंच नाही. न्यूयॉर्कने शंभरहून अधिक वर्षं 'खास कारण दाखवा, मग बाहेर न्या' असा कायदा पाळला. २३ जून २०२२ला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो मोडीत काढला. त्याच्या जेमतेम एक महिना आधी, २४ मे रोजी, टेक्सासमधल्या उवाल्डे गावच्या शाळेत एका अठरा वर्षांच्या पोराने १९ मुलं आणि २ शिक्षिका मारल्या होत्या. तिथे अखेरीला पावणेचारशेच्या आसपास हत्यारबंद पोलीस जमले, आणि वर्गात शिरून त्याला संपवायला सव्वा तास लागला. सज्जनाच्या हातातली बंदूक दुर्जनाला थांबवते म्हणणाऱ्यांनी त्या पावणेचारशे बंदुकांचं काय झालं ते सांगावं.

पण मला उवाल्डेपेक्षाही ग्रामसभेशी जुळणारी गोष्ट मिशिगनची वाटते. ३० एप्रिल २०२०. टाळेबंदीच्या विरोधात माणसं लॅन्सिंगच्या विधानभवनात शिरली, त्यांतल्या काहींच्या खांद्यावर रायफली. गॅलरीत उभं राहून ती खाली सभागृहाकडे बघत होती. हे सगळं तिथे तेव्हा कायदेशीर होतं. एकही गोळी सुटली नाही. खाली काही सदस्य बुलेटप्रूफ जाकीट घालून बसले होते. निवडून आलेल्या माणसाने जाकीट घालून मत द्यायचं, आणि वरच्याचं म्हणणं काय, तर मी फक्त उभा आहे. आमच्याकडचा म्हणाला होता, टोचतंय. फरक इतकाच, की मिशिगनने पुढच्या जानेवारीत विधानभवनात उघडी शस्त्रं आणायला बंदी घातली. आमच्या ग्रामपंचायतीत ती बंदी आधीपासून आहे आणि तरी पिस्तूल टेबलावर आलं.

मला कुणी असं विचारू नये की मग जिवाला धोका असलेल्याने काय करायचं. धोका असेल त्याला जरूर परवाना द्या. शस्त्र अधिनियमात शेतीसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीची स्वतंत्र तरतूद आहे, आणि सिंधुदुर्गात, गोव्यात ज्याच्या भाताच्या खाचरात रानडुकरं घुसतात आणि नारळ माकडं संपवतात, त्या शेतकऱ्याला तिची गरज कुणी समजावून सांगायला नको. वर्षानुवर्षं प्रत्येक निवडणूक आली की ठाण्यात बंदूक जमा करायला रांगेत उभा राहतो तो हाच शेतकरी. सरसकट सगळ्यांना जमा करायला लावणं चूक आहे, प्रत्येकाचं प्रकरण तपासून ठरवा, हे मुंबई उच्च न्यायालयाला २००९मध्ये गोव्यातल्या एका याचिकेवर सांगावं लागलं. म्हणजे ज्याची बंदूक रानात असते त्याला यंत्रणेने न्यायालयापर्यंत पळवलं. जो माणूस ती सभेत आणतो, त्याला खुर्ची दिली.

आणि संरक्षणासाठी घेतलेलं हत्यार लोकांना दाखवायचं कशाला? खरंच धोका असलेला माणूस ते लपवतो, आपल्याजवळ ते आहे हे सांगत सुटत नाही. शिवाय घरातही ते किती बेभरवशाचं असतं हे ऑक्टोबर २०२४मध्ये अभिनेता गोविंदाने अनुभवलं. पहाटे बाहेर पडताना स्वतःचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर हातून निसटलं आणि गोळी त्याच्याच पायात शिरली. वर्षानुवर्षं हत्यार बाळगणाऱ्याची घरात ही गत होत असेल, तर वरातीत डीजेच्या तालावर नाचणाऱ्याच्या हातातल्या पिस्तुलाबद्दल काय बोलायचं.

मी नवा कायदा मागत नाही. प्रत्येक जिल्ह्यातल्या परवान्यांची तालुकावार संख्या आणि दिलेल्या कारणांचा गोषवारा जिल्हाधिकाऱ्यांनी दरवर्षी जाहीर करावा, नावं नकोत. नूतनीकरण आपोआप होऊ नये, धोका अजून आहे का हे पाच वर्षांनी पुन्हा पाहावं. आणि नियम ३२ मोडलेला दिसला, मग तो मांडवात असो, रीलमध्ये असो की ग्रामसभेत, तर अधिनियमाच्या कलम १७ने सार्वजनिक शांततेसाठी परवाना रद्द करण्याचा जो अधिकार दिलाय तो वापरावा. त्याने झाडलं का, हा प्रश्न विचारणं आधी बंद करावं. त्या प्रश्नाचं उत्तर 'हो' येईपर्यंत वाट बघायची, तर मग परवाना नावाचा कागद ठेवलाच कशाला?

त्या माणसाचा परवाना रद्द करा, असा अर्ज मी ऑक्टोबरातच कचेरीत दिला. महिन्याने उत्तर आलं, पोलिसांचा अहवाल मागवला आहे. ठाण्यात विचारलं तर म्हणतात, अहवाल पाठवला. कचेरीत विचारलं तर म्हणतात, मिळालेला नाही. दोन्ही इमारतींमध्ये एक रस्ता आहे, चालत जायला सहा मिनिटं लागतात, मी मोजली आहेत. ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याला मात्र माझं नाव आठवड्याच्या आत कळलं होतं.

येत्या २६ जानेवारीला पुन्हा ग्रामसभा आहे. काकूने ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबरची पानंही फाडून ठेवली आहेत. आता ती टँकरचे दिवस मोजत नाही, नळाला पाणी आलं त्या तारखेला गोल करायचा असं तिने ठरवलंय. तिन्ही पानं कोरी आहेत. परवा फोनवर तिने विचारलं, "तू येशील नव्हं? पुढं बसशील?" मी हो म्हणालो. पहिल्या रांगेत, टेबलासमोर, नियम ३२ची छापील प्रत घेऊन.